मुख्य कलाकार नाटक कधी सोडणार? झाडीपट्टीत दरवर्षी रंगणाऱ्या चर्चेमागचं गणित

दिवाळी जवळ आली की भंडारा जिल्ह्यात धानाच्या कापणीबरोबर आणखी एका गोष्टीची चर्चा सुरू होते. गेल्या वर्षी गाजलेल्या नाटकातला हिरो यंदा त्याच कंपनीत आहे का? गाणारी नायिका दुसरीकडे गेली म्हणतात, ते खरं का? कुणी जुन्या पोस्टरचा फोटो टाकतं, कुणी कलाकाराच्या एखाद्या स्टेटसवरून अंदाज बांधतं आणि दोन दिवसांत ‘सोडलं’, ‘नाही सोडलं’ असे दोन गट पडतात.

बाहेरच्या माणसाला ही चाहत्यांची करमणूक वाटेल. ज्या गावातल्या मंडळाने नाटक ठरवून इसार दिलेला असतो, त्याच्यासाठी मात्र हा पैशांचा प्रश्न असतो.

झाडीपट्टीची रंगभूमी म्हणजे काय?

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या पूर्व विदर्भातल्या जिल्ह्यांच्या जंगलपट्ट्याला झाडीपट्टी म्हणतात. (गोंदिया १ मे १९९९ रोजी वेगळा जिल्हा झाला. त्याआधी तो भंडाऱ्यातच होता.) हा धानाचा मुलूख. दिवाळीच्या सुमारास हलकं धान निघतं, हातात थोडा पैसा येतो आणि गावोगावी मंडई भरू लागते. मंडई म्हणजे एक-दोन दिवसांची जत्राच. लेकी-जावई येतात, सोयरे येतात, मुलं-मुली दाखवण्याचे कार्यक्रमही याच निमित्ताने उरकतात. दिवसा बाजार आणि दंडार, कुठे शंकरपट, आणि रात्री नाटक.

हे नाटक शहरातल्यासारखं अडीच तासांत संपत नाही. रात्री नऊ-दहाला तिसरी घंटा होते आणि शेवटचा पडदा पडेपर्यंत पहाट झालेली असते. कथा कौटुंबिक असते किंवा सामाजिक. त्यात हुंडा, व्यसन, भाऊबंदकी, शेतकऱ्याची आत्महत्या असं काही ना काही असतंच. पण प्रेक्षक तेवढ्यासाठी रात्रभर थंडीत बसत नाही. त्याला गाणी हवी असतात. मंचाजवळ वादक बसतात, कलाकार माइकसमोर स्वतः गातात आणि आवडलेल्या गाण्याला वन्समोअर मिळतो. मुंबई-पुण्याकडे संगीत नाटक आता तुरळक प्रयोगांपुरतं उरलं आहे. झाडीपट्टीत मात्र गाण्याशिवाय नाटक उभंच राहत नाही.

या सगळ्या व्यवहाराचं केंद्र म्हणजे गडचिरोली जिल्ह्यातलं वडसा, कागदोपत्री देसाईगंज. गोंदिया ते बल्लारशाह रेल्वेमार्गावरचं हे गाव लाखांदूरकरांना तर हाकेच्या अंतरावर. नाटक कंपन्यांची कार्यालयं इथे आहेत. सीझनआधी गावोगावच्या मंडळांची माणसं इथे येतात, नाटक निवडतात, तारीख धरतात, इसार देतात. आणि नाटकाचं नाव विचारण्याआधी एक प्रश्न हमखास विचारतात: कलाकार कोण आहेत?

कलाकार दरवर्षी का बदलतात?

कारण सीझन छोटा आहे. दिवाळीनंतर सुरू होणारे प्रयोग होळीच्या आसपास थांबतात. उरलेले सात-आठ महिने बहुतेक कलाकार शेती करतात, मजुरी करतात, भजनाच्या किंवा ऑर्केस्ट्राच्या कार्यक्रमांना जातात. कंपनीशी त्यांचं नातं साधारणपणे त्या एका सीझनचं. पैसे ‘नाईट’वर, म्हणजे प्रयोगागणिक मिळतात. एका सीझनमध्ये ज्याचं नाव झालं, त्याला पुढच्या वर्षी दुसरी कंपनी जास्त नाईट देऊ करते. तो गेला तर त्यात बेईमानी काही नाही. वर्षाची कमाई चार महिन्यांत करायची तर भाव वाढेल तिकडे जाणं भागच आहे.

दुसरं कारण कामाच्या पद्धतीत आहे. एकच संच सलग रात्री वेगवेगळ्या गावांत वेगवेगळी नाटकं करतो. आज लाखनीजवळ एक नाटक, उद्या ब्रह्मपुरीकडे दुसरं. तालमीला फुरसत नसते, म्हणून आडून शब्द पुरवणारा प्रॉम्प्टर इथे फार मोलाचा. याचा एक परिणाम असा की मुख्य कलाकार बदलला तरी नाटक थांबत नाही. नवा माणूस प्रॉम्प्टरच्या आधाराने दुसऱ्या रात्री भूमिका उभी करू शकतो. शहरी रंगभूमीवर ज्या बदलाला महिनाभर तालीम लागते, तो इथे एका दुपारी होतो. तेव्हा ‘हिरो गेला, आता नाटक बंद’ असा मेसेज आला तर त्यातला दुसरा भाग बहुधा चुकीचा असतो.

गाण्याचं मात्र तसं नाही. संवाद प्रॉम्प्टर सांगू शकतो, आवाज कोण सांगणार? म्हणूनच या चर्चांमध्ये खलनायकापेक्षा गाणाऱ्या नायक-नायिकेच्या जाण्या-येण्याला जास्त महत्त्व असतं. विनोदी नटाचंही तसंच. त्याची लकब त्याच्याबरोबरच जाते. ‘विदर्भाचे दादा कोंडके’ म्हणून ओळखले जाणारे गडचिरोली जिल्ह्यातले परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. अशा नटाच्या जागी दुसरा उभा केला तर भूमिका तीच राहते, पण लोक ज्यासाठी आले ते राहत नाही.

अफवा नेमकी कधी उठते?

साधारण तीन वेळा. पहिली वेळ पावसाळ्याच्या शेवटी, कंपन्या नवा संच बांधत असताना. तेव्हा कुणाचं कुठे ठरलं हे कंपनीलाही पक्कं माहीत नसतं, त्यामुळे अंदाजांना ऊत येतो. दुसरी वेळ पहिली पोस्टरं बाहेर पडल्यावर. पोस्टरवर फोटोचा आकार लहान झाला, नाव खाली गेलं, की ‘बिनसलं’ म्हणून समजायचं. तिसरी वेळ ऐन सीझनमध्ये, एखाद्या रात्री कलाकार आजारी पडून गैरहजर राहिला की. या तिसऱ्या अफवेने सर्वांत जास्त नुकसान होतं, कारण तोवर तिकिटं विकायला सुरुवात झालेली असते.

आणि इथेच मंडळाचा जीव टांगणीला लागतो. नाटकाचा खर्च मंडळ अंगावर घेतं: कंपनीचे ठरलेले पैसे, मंडप, जाहिरात, परवानगी, कलाकारांचं जेवण. तिकीटविक्रीतून तो निघाला तर उरलेले पैसे देवळाला, शाळेला किंवा गावातल्या एखाद्या कामाला जातात. नाही निघाला तर मंडळाची पोरं वर्गणी काढून तूट भरतात. आजूबाजूच्या पाच गावांत ‘तो हिरो येत नाही’ एवढं पसरलं, तरी त्या रात्रीचा अर्धा मंडप रिकामा राहू शकतो. बातमी नंतर खोटी ठरली म्हणून गेलेला प्रेक्षक परत येत नाही. मंडई वर्षातून एकदाच असते.

मूळ नट गेला की नाटकाचं काय होतं?

मराठी रंगभूमीला हा प्रश्न नवा नाही. संगीत नाटकाच्या सुवर्णकाळात तर तो कंपन्यांच्या जीवनमरणाचा होता. बालगंधर्व १९०५ मध्ये किर्लोस्कर नाटक मंडळीत आले आणि त्यांच्या स्त्रीभूमिकांवर मंडळीची गादी टिकली. १९११ मध्ये ‘मानापमान’ गाजलं. दोनच वर्षांनी, १९१३ मध्ये, बालगंधर्व, गणेश बोडस आणि ‘मानापमान’चे संगीतकार गोविंदराव टेंबे यांनी बाहेर पडून गंधर्व नाटक मंडळी काढली. मुख्य गायक, मुख्य नट आणि संगीतकार एकदम गेले. किर्लोस्कर मंडळी लगेच बुडाली नाही, तिने नवे गळे शोधले. त्यातले एक दीनानाथ मंगेशकर. पुढे १९१८ मध्ये तेही बाहेर पडले आणि बळवंत संगीत मंडळी उभी राहिली. त्या काळी कंपनी बदलणं म्हणजे बातमी होती आणि त्यावर गावोगाव वाद झडत, हे सांगायला वेगळा पुरावा नको. बालगंधर्व श्रेष्ठ की केशवराव भोसले, हा वाद पुढे इतका पिकला की ८ जुलै १९२१ रोजी दोघांनी टिळक स्वराज्य फंडासाठी ‘संयुक्त मानापमान’ एकत्र केलं, तेव्हा त्या प्रयोगाची दंतकथाच झाली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये केशवराव गेले.

विदर्भाला जवळचं उदाहरण ‘कट्यार काळजात घुसली’चं. लेखक पुरुषोत्तम दारव्हेकर नागपूरचे. खाँसाहेबांची भूमिका करणारे डॉ. वसंतराव देशपांडे मूर्तिजापूरला जन्मलेले आणि नागपुरात वाढलेले. पंडित जितेंद्र अभिषेकींच्या संगीतातलं हे नाटक डिसेंबर १९६७ मध्ये रंगमंचावर आलं. खाँसाहेब म्हणजे वसंतराव हे समीकरण एवढं घट्ट झालं की १९८३ मध्ये त्यांच्या निधनानंतर ही भूमिका करणाऱ्या प्रत्येकाला तुलना सोसावी लागली. २०१० मध्ये नाटक नव्याने आलं तेव्हा खाँसाहेब झाले त्यांचे नातू राहुल देशपांडे. २०१५ च्या चित्रपटात भूमिका सचिन पिळगावकरांनी केली, पण गाताना आवाज राहुल यांचाच होता. मूळ नटाची सावली किती लांब पडते, याचं याहून चांगलं उदाहरण शोधावं लागेल.

जगात इतरत्रही असंच चालतं का?

न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर हा अंदाजांचा खेळ जवळजवळ उद्योगच झाला आहे, कारण तिथे एकच नाटक आठवड्याला आठ प्रयोग करत वर्षानुवर्षं चालतं आणि मुख्य कलाकाराचा करार ठरावीक मुदतीचा असतो. करार संपत आला की चाहते दिवस मोजू लागतात. ‘हॅमिल्टन’चे लेखक-संगीतकार आणि मूळ नायक लिन-मॅन्युएल मिरांडा यांनी ९ जुलै २०१६ रोजी ब्रॉडवेवरचा शेवटचा प्रयोग केला. त्या रात्रीच्या तिकिटांचे काळ्या बाजारातले भाव सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर गेले होते. त्यांच्या जागी आलेले हावियेर मुन्योज आधीपासूनच ठरावीक प्रयोग करत होते, त्यामुळे नाटक न अडखळता पुढे चालू राहिलं.

उलटंही घडतं. ‘फनी गर्ल’ २०२२ मध्ये पुन्हा आलं तेव्हा मुख्य भूमिकेतल्या बीनी फेल्डस्टीन यांनी जाहीर तारखेच्या आधीच, जुलैअखेर, नाटक सोडलं. सप्टेंबरमध्ये लिआ मिशेल आल्या आणि तिकीटबारी वधारली. म्हणजे ‘मूळ संच हाच खरा’ हा चाहत्यांचा आग्रह नेहमी बरोबर असतोच असं नाही. ‘हॅलो, डॉली!’ने तर १९६४ ते १९७० या काळात एकामागून एक नव्या नायिका आणूनच आपलं आयुष्य वाढवलं.

झाडीपट्टी आणि ब्रॉडवे यांत मोठा फरक असा की तिथे नाटक एका जागी थांबतं आणि प्रेक्षक येतो. आज चुकलेला उद्या जाऊ शकतो. इथे नाटक गावात एका रात्रीपुरतं येतं.

बातमी खरी की खोटी, कसं ओळखायचं?

आधी पोस्टरवरचं वर्ष आणि गावाचं नाव पाहावं. फिरणारे निम्मे फोटो जुन्या सीझनचे असतात. मग त्याच आठवड्यात जवळच्या ज्या गावात त्या कंपनीचा प्रयोग झाला, तिथे ओळखीच्या माणसाला फोन लावावा: काल रात्री कोण होतं? वडशाच्या कार्यालयाकडून येणाऱ्या उत्तरापेक्षाही हे उत्तर भरवशाचं, कारण कार्यालयाला तारीख विकायची असते. कलाकाराचं स्वतःचं म्हणणं व्हिडिओतून आलं असेल तर तो कधीचा आहे तेही पाहावं.

नाटक ठरवणाऱ्या मंडळाने आणखी एक काळजी घ्यावी. नाटकाचं नाव आणि तारीख लिहून घेतली जाते, पण ‘अमुक कलाकार असतीलच’ हे पुष्कळदा तोंडीच राहतं. पावतीवर मुख्य तीन-चार कलाकारांची नावं आणि त्यातलं कुणी न आल्यास किती रक्कम कमी होईल, एवढं लिहून घेतलं तर ऐन मंडईच्या रात्री ग्रीनरूमबाहेर भांडत बसावं लागत नाही. आणि कलाकार खरोखरच बदलला असेल, तर तिकीट खिडकीवर नव्या नावाचा फलक आधीच लावलेला बरा. पडदा उघडल्यावर कळलेला बदल प्रेक्षक सहसा माफ करत नाही.