कारखाने गेले, कामाची आस उरली



राज्य लयाला जाते तेव्हा इतिहासकार तहनामे आणि निवडणुका यांची नोंद घेतो. त्यानंतर किती स्त्रियांचे काम सुटले, हे मात्र क्वचितच लिहितो. या दृष्टीने पूर्व जर्मनीचा अनुभव विचार करण्याजोगा आहे.

१९४९ साली स्थापन झालेल्या या साम्यवादी राज्यात मनुष्यबळाची मोठी टंचाई होती. स्त्रियांना कारखान्यात आणण्यामागे समतेचे तत्त्व होते, तशी ही निकडही होती. पुढील दशकांत पाळणाघरे आणि बालवाड्या यांचे जाळे विणले गेले. १९८९ पर्यंत कामाच्या वयातील सुमारे ९० टक्के स्त्रिया नोकरी वा शिक्षण करीत होत्या. तथापि हे चित्र निष्कलंक नव्हते. घरकामासाठी महिन्यातून एक भरपगारी सुटी मिळे, ती प्रायः स्त्रीलाच. चूल तिचीच, हे कायद्यानेही गृहीत धरले होते!

१ जुलै १९९० रोजी पश्चिम जर्मनीचे मार्क हे चलन लागू झाले. खासगीकरणासाठी स्थापलेल्या 'ट्रॉयहांट' या संस्थेच्या हाती सुमारे ८,५०० उद्योग आणि ४० लाख कामगार आले. १९९४ अखेर तिचे काम आटोपले तेव्हा त्यांतील निम्म्याहून अधिक नोकऱ्या गेल्या होत्या. कापडगिरण्यांसारखे स्त्रीबहुल उद्योग कोसळले, त्यांच्याबरोबर कारखान्यांची पाळणाघरेही बंद पडली. बेकारांत जवळजवळ दोन-तृतीयांश स्त्रिया होत्या. १९८९ मध्ये सुमारे १,९९,००० बालके जन्मली होती. १९९४ मध्ये अवघी ७९,०००. उद्याची शाश्वती नसली की पाळणा हलत नाही.

या स्त्रिया आता निमूटपणे घरी बसतील, असा अनेकांचा कयास होता. तो खोटा ठरला. गृहिणी म्हणवून घेण्याऐवजी त्यांनी बेकारांच्या यादीत आपले नाव राखले, नवी कौशल्ये शिकून घेतली, पुन्हा अर्ज केले. त्यांच्या लेकींनीही तोच मार्ग धरला. २०२३ साली स्त्री-पुरुषांच्या ताशी वेतनातील तफावत पश्चिमेत १९ टक्के, तर पूर्वेत ७ टक्के होती. पूर्वेतील पुरुषांचे वेतनच कमी, हेही त्याचे एक कारण आहे, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे.

तात्पर्य, राज्याने आपल्या गरजेपोटी जे दिले, ते स्त्रियांनी आपला हक्क मानून आत्मसात केले. म्हणूनच दाते राज्य बुडाले, तरी तो हक्क बुडाला नाही.