दांड्यावरचं एक अक्षर: गोल्फचा ड्रायव्हर माणसाच्या मापाचा कसा झाला

आजचा विषय ऐकून काही जण म्हणतील, "गोल्फ? आपला काय संबंध?" जरा थांबा. गोल्फ खेळत नसाल तरी क्रिकेटची बॅट हातात घेतलीच असेल. सचिन तेंडुलकर जड बॅट वापरायचा, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत होतं. आणि त्याच्या नादानं तसलीच जड बॅट घेऊन आलेल्या पोरांचे स्टंप कसे उडायचे, हेही प्रत्येक गल्लीनं पाहिलंय. बॅट चांगलीच होती हो, पण दुसऱ्याच्या मनगटाची.

गोल्फमध्ये हाच घोळ सगळ्यात जास्त होतो तो ड्रायव्हरच्या बाबतीत. ड्रायव्हर म्हणजे पिशवीतली सगळ्यात लांब काठी. लांबच्या होलवर पहिला दणका हिनं मारायचा. खाली असतं हेड, ते चेंडूला लागतं. वर असतो दांडा, म्हणजे शाफ्ट. आणि या शाफ्टवर एक अक्षर छापलेलं असतं. एल म्हणजे लेडीज, ए म्हणजे सीनियर, आर म्हणजे रेग्युलर, एस म्हणजे स्टिफ आणि एक्स म्हणजे एक्स्ट्रा स्टिफ. दांडा किती वाकतो, ते सांगणारं हे अक्षर. दुकानात गेलं की बहुतेकांचा हात याच अक्षराकडे जातो, आणि पुरुषांचा तर हमखास एसकडे. "रेग्युलर? मी काय म्हातारा झालोय?"

हे अक्षर आलं कुठून, आणि त्याच्यावर किती भरवसा ठेवायचा? त्यासाठी थेट लाकडाच्या जमान्यात जाऊ या.

जेव्हा दांडा झाडावर उगवायचा

स्कॉटलंडमध्ये गोल्फचा चेंडू आधी चामड्याच्या पिशवीत पिसं ठासून बनवायचे. १८४८ च्या सुमारास गट्टा पर्चाचा चेंडू आला. गट्टा पर्चा म्हणजे मलायातल्या एका झाडाचा घट्ट झालेला चीक. हा चेंडू स्वस्त होता, टिकाऊ होता, पण टणक होता. जुन्या नाजूक लाकडी काठ्यांना त्याचा मार सोसेना. मग कारागिरांनी हेड आखूड आणि जाड केलं, आणि दांड्यासाठी अमेरिकेतून येणारं हिकरी नावाचं लाकूड जवळपास सगळ्यांनी उचललं. चिवट, लवचीक, सहजासहजी न तुटणारं.

पण हिकरीची एक खोड होती. ती वाकायची, आणि सोबत पिळवटायचीही. हेड दांड्याच्या एका बाजूला असतं ना, त्यामुळे जोरात फिरवलं की दांडा पिळला जातो आणि हेडचं तोंड भलतीकडे वळतं. हे सांभाळायला खेळाडू मनगटं वळवून, लयीत, जरा सबुरीनं स्विंग करायचे. दांड्याला घाई चालायची नाही, म्हणून माणूसही घाई करायचा नाही.

दुसरी अडचण याहून मोठी. एकाच झाडाचे दोन दांडेसुद्धा सारखे निघत नसत. मग चांगला खेळाडू काय करायचा? दुकानात दांडे हातात घेऊन, हलवून, वाकवून, एकेक निवडायचा. दांडा जाड वाटला तर कारागीर रंधा मारून, घासून हवा तसा करून द्यायचा. म्हणजे बघा, स्विंगप्रमाणे दांडा निवडणं ही काल-परवाची फॅशन नाही. ती लाकडाच्या काळातलीच आहे. फक्त मोजमाप हाताच्या अंदाजानं व्हायचं.

या अंदाजाचा राजा म्हणजे बॉबी जोन्स. १९३० साली त्यानं ब्रिटन आणि अमेरिका, दोन्हीकडच्या ओपन आणि अमॅच्युअर अशा चारही मोठ्या स्पर्धा एकाच वर्षात जिंकल्या, त्याही हिकरीच्या काठ्यांनी. मग वयाच्या अवघ्या २८ व्या वर्षी स्पर्धांना रामराम ठोकला. त्याच्या ड्रायव्हरला नावसुद्धा होतं, जीनी डीन्स. गोल्फवाले त्याची एक गोष्ट हमखास सांगतात. पुढे त्याचा संच यंत्रावर तपासला, तर एक सोडून सगळे दांडे एकमेकांशी जुळणारे निघाले. आणि जो जुळत नव्हता, त्याच काठीनं जोन्सला कायम त्रास दिला होता. गोष्टीत थोडं मीठमसाला असेलही, पण तिचा अर्थ पक्का आहे: हात जे ओळखतो, ते यंत्र नंतर सांगतं.

पोलाद आलं आणि अक्षरं आली

अमेरिकेत गोल्फचं वेड वाढत गेलं आणि चांगलं हिकरी मिळेनासं झालं. तेव्हा पोलादी नळीचे दांडे पुढे आले. अमेरिकेच्या गोल्फ संघटनेनं, म्हणजे यूएसजीएनं, १९२४ मध्ये त्यांना परवानगी दिली. स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजच्या आर अँड ए या संस्थेनं मात्र १९२९ पर्यंत दार उघडलं नाही. त्या पाच वर्षांत एकच काठी समुद्राच्या एका बाजूला नियमात बसायची आणि दुसऱ्या बाजूला नियमबाह्य ठरायची! लोकांना लाकडाची इतकी सवय होती की काही कंपन्या पोलादी दांड्यावर लाकडासारखं दिसणारं आवरण चढवून विकायच्या. १९३१ साली बिली बर्कनं यूएस ओपन जिंकली, आणि मोठी स्पर्धा पोलादी दांड्यानं जिंकणारा तो पहिला ठरला.

पोलाद फारसं पिळवटत नव्हतं. त्यामुळे जुना मनगटी स्विंग आता उलटा त्रास देऊ लागला. टेक्ससचा बायरन नेल्सन नावाचा तरुण हे लवकर ओळखून बसला. त्यानं हातांचं काम कमी केलं, पाय आणि कंबर कामाला लावली. आज आपण मोबाइलवर जो आधुनिक गोल्फ स्विंग पाहतो, त्याचा जनक म्हणून त्याचं नाव घेतात. दांडा बदलला आणि माणसाचं शरीर वेगळं हलायला लागलं.

आता आपल्या अक्षराकडे या. पोलादी नळ्या कारखान्यात हजारोंनी, एकसारख्या बनू लागल्या. मग त्यांची वर्गवारी करता आली: मऊ, मध्यम, कडक. एल, आर, एस अशी अक्षरं रुळली. सोय झाली खरी, पण एक गोष्ट हातची गेली. पूर्वी कारागीर समोरच्या माणसाचा हात बघून दांडा घासून द्यायचा. आता माणूस स्वतःला तीन-चार अक्षरांच्या डब्यांत बसवू लागला. आणि डबे आले की मान-अपमानही आले. कडक दांडा म्हणजे दमदार खेळाडू, ही समजूत तेव्हापासून घट्ट बसली. बेन होगनसारखा महान खेळाडू कमालीचे कडक दांडे वापरायचा. त्याच्या वेगवान स्विंगला ते शोभायचे. रविवारी सकाळी हौसेनं खेळणाऱ्याला ते कसे झेपणार?

टेंभुर्णीच्या भावंडापासून टायटॅनियमपर्यंत

दांडा पोलादी झाला तरी ड्रायव्हरचं हेड पुढची कित्येक वर्षं लाकडीच राहिलं. लाकूड पर्सिमनचं. हे झाड आपल्या टेंभुर्णीच्या कुळातलं. हो, तीच टेंभुर्णी, जिच्या पानांच्या विड्या विदर्भात वळतात! १९७९ मध्ये गॅरी अॅडम्स नावाच्या अमेरिकन माणसानं घर गहाण टाकून कर्ज काढलं आणि टेलरमेड कंपनी सुरू केली. त्याचं हेड पोकळ, पोलादी होतं. पोलादाचं शहर म्हणजे पिट्सबर्ग, म्हणून त्याला गमतीनं 'पिट्सबर्ग पर्सिमन' म्हणायचे. वजन कडेला गेल्यामुळे चेंडू मधोमध लागला नाही तरी फटका फार वाया जायचा नाही. १९८२ मध्ये जिम सिमन्सनं धातूच्या ड्रायव्हरनं पीजीए टूरची स्पर्धा जिंकली. १९९१ मध्ये कॅलवे कंपनीनं बिग बर्था आणला. नाव पहिल्या महायुद्धातल्या जर्मन तोफेचं, आकार १९० घनसेंटिमीटर. तेव्हा तो अवाढव्य वाटला होता. मग टायटॅनियम आलं आणि हेड फुगत गेलं. शेवटी २००४ मध्ये नियमानं ४६० घनसेंटिमीटरवर लगाम घातला. आज दुकानातला साधा ड्रायव्हरही बहुधा त्याच मापाचा असतो.

दांड्यातही क्रांती झाली. १९६९ मध्ये शेक्सपिअर नावाच्या कंपनीत फ्रँक थॉमस या इंजिनिअरनं ग्रॅफाइटचा दांडा तयार केला. हाच माणूस पुढे यूएसजीएचा तांत्रिक संचालक झाला आणि कोणती काठी नियमात बसते, ते ठरवू लागला! सुरुवातीचे ग्रॅफाइट दांडे हिकरीसारखेच पिळवटायचे, म्हणून चांगले खेळाडू बिचकले. टायगर वूड्स २००० मध्ये सगळ्यांना लोळवत होता, तेव्हाही त्याच्या ड्रायव्हरला पोलादी दांडाच होता. पण पुढे ग्रॅफाइट सुधारत गेलं. पोलादी दांडा साधारण १२० ग्रॅमचा, तर ग्रॅफाइटचा ५० ते ७० ग्रॅमचा. हलका, म्हणून लांबही करता येतो. पर्सिमनच्या काळात ड्रायव्हर साधारण ४३ इंचांचा असायचा. आज दुकानात ४५ इंचांच्या पुढचेच दिसतात.

मग आज निवडायचं कसं?

या सगळ्या इतिहासातून हाती काय लागतं, ते बघा.

पहिलं, अक्षरावर डोळे झाकून विश्वास नको. आर, एस यांचं सगळ्या कंपन्यांना बांधील असं एकच प्रमाण नाही. एका कंपनीचा आर दुसरीच्या एसइतका कडक असू शकतो. दर ताशी ८५ ते ९५ मैल वेगानं हेड फिरवणाऱ्यानं आर बघावा, ९५ ते १०५ वाल्यानं एस, हा नुसता ढोबळ आडाखा आहे. त्याच वेगाचे दोन खेळाडू असतील, एक झटका देऊन मारणारा आणि दुसरा सावकाश वेग वाढवणारा, तर दोघांना दोन वेगळे दांडे जुळू शकतात.

दुसरं, लॉफ्टची लाज नको. लॉफ्ट म्हणजे हेडच्या तोंडाचा तिरकेपणा. अॅडम्सचा पहिला ड्रायव्हर १२ अंशांचा होता. आज मात्र ९ अंशांचा घेतला की लोकांना आपण प्रो झाल्यासारखं वाटतं. स्विंग सावकाश असेल तर चेंडू हवेत टिकायला तिरकेपणा जास्तच लागतो. कमी लॉफ्ट घेतला की चेंडू लवकर खाली बसतो आणि अंतर उलट घटतं.

तिसरं, वजन आणि लांबी. लांब दांड्यानं वेग वाढतो, पण चेंडू हेडच्या मधोमध लागणं अवघड होतं. दहातले सहा फटके कडेला लागत असतील, तर इंचभर आखूड दांडा हातात घेऊन बघा.

चौथं, मोजून घ्या. डेन्मार्कच्या ट्रॅकमॅनसारख्या कंपन्यांनी लष्करी कामातलं डॉप्लर रडार गोल्फमध्ये आणलं. चेंडूचा वेग, उडण्याचा कोन, फिरकी, सगळं लगेच पडद्यावर दिसतं. तीन-चार दांडे, प्रत्येकाचे आठ-दहा फटके, आणि त्यातला सर्वात लांब गेलेला एक फटका सोडून बाकीचे कुठे पडले, ते बघा. तुमचा खरा ड्रायव्हर तिथे सापडतो. जुन्या कारागिराची नजरच आता आकड्यांच्या रूपात परत आली आहे, एवढंच.

आणि ज्यांना निवडीची सोयच नाही, त्यांचं काय? मुंबईत चेंबूरला बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब आहे. तिथल्या कॅडींनी, शेजारच्या वस्तीतल्या पोरांनी लोखंडी सळ्या वाकवून काठ्या केल्या आणि गल्लीबोळात प्लास्टिकच्या चेंडूनं गोल्फ मांडला. त्या सळईवर ना आर, ना एस. जसं हत्यार तसा स्विंग, अगदी हिकरीवाल्यांसारखंच. त्या पोरांच्या खेळात कौशल्य कमी नव्हतं, पण त्यांच्या अंगाला काठी जुळवून देणारं कुणी नव्हतं. गोल्फच्या इतिहासात बहुतेक माणसं अशीच खेळली: मिळेल त्या दांड्याप्रमाणे स्वतःला वाकवत.

तुमच्यापुढे चार दांडे ठेवलेले असतील आणि मोजायला यंत्र असेल, तर तुम्ही नशीबवान आहात. मग केवळ मित्र हसतील म्हणून आर अक्षर टाळू नका. पडद्यावरचे आकडे आर म्हणत असतील, तर बिनधास्त आर घ्या. चेंडू ते अक्षर वाचत नाही.

तुम्ही कुठल्याही खेळात दुसऱ्याच्या मापाचं हत्यार वापरून फसला असाल, तर आम्हाला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!