राज्यपालपद आणि राष्ट्रपतिपदाची उमेदवारी : डॉ. अलेक्झांडर यांचे प्रकरण (२००२)

खर्डा हे गाव इतिहासाच्या विद्यार्थ्यास ११ मार्च १७९५ रोजी निजाम व मराठे यांच्यात झालेल्या लढाईमुळे परिचित असते. प्रस्तुत लेखाचा विषय ती लढाई नव्हे. तथापि जामखेड तालुक्यातील ह्या गावापासून आरंभ करण्यास कारण आहे. खर्ड्याचा मतदार राष्ट्रपतीच्या निवडणुकीत स्वतः मत देत नाही. त्याच्या वतीने त्याचा आमदार व त्याचा खासदार मत देतात. महाराष्ट्रातील आमदाराच्या मताचे मूल्य १९७१ च्या जनगणनेवरून १७५ ठरलेले आहे. खासदाराच्या मताचे मूल्य २००२ साली ७०८ होते. महाराष्ट्रातील २८८ आमदारांच्या मतांचे एकंदर मूल्य ५०,४०० आणि लोकसभा व राज्यसभा मिळून ६७ खासदारांच्या मतांचे ४७,४३६ भरते. दोन्हींची बेरीज ९७,८३६. सर्व निर्वाचकगणाचे मूल्य त्या वर्षी १०,९८,८८२ होते. सारा महाराष्ट्र पक्षभेद विसरून एखाद्या उमेदवाराच्या पाठीशी उभा राहिला असता, तरी त्याच्या पदरात शेकडा नऊहूनही किंचित कमीच मते पडली असती.

हे आकडे प्रथमच मांडण्याचे प्रयोजन असे की, २००२ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्राचे राज्यपाल डॉ. पी. सी. अलेक्झांडर यांचे नाव राष्ट्रपतिपदासाठी पुढे आले, तेव्हा राज्यातील त्यांच्या लौकिकाचाच उल्लेख वारंवार होत होता. तो लौकिक खराच होता. परंतु राजभवनात मिळविलेला लौकिक राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत कितपत उपयोगी पडतो, हा प्रश्न वेगळा आहे.

संविधानाने राज्यपालास ह्या निवडणुकीचे दार मोकळे ठेवले आहे. लाभाचे पद धारण करणारी व्यक्ती राष्ट्रपतिपदास अपात्र ठरते. परंतु राज्यपालपद हे ह्या प्रयोजनापुरते लाभाचे पद मानू नये, असे ५८ व्या अनुच्छेदाच्या स्पष्टीकरणात म्हटले आहे. उलटपक्षी, १५६ व्या अनुच्छेदाप्रमाणे राज्यपाल राष्ट्रपतींची मर्जी असेतोवर पदावर राहतो, आणि ही मर्जी व्यवहारात केंद्रीय मंत्रिमंडळाची असते. ज्यांच्या मर्जीवर पद टिकते, तेच बहुधा पुढील उमेदवारी देणारे असतात. सरकारिया आयोगाने १९८८ च्या आपल्या अहवालात, राज्यपालाने पदमुक्त झाल्यावर शासनाखालील दुसरे कोणतेही पद घेऊ नये असा संकेत सुचविला. मात्र त्यास राज्यपालपदाची दुसरी मुदत आणि राष्ट्रपति-उपराष्ट्रपतिपदाची निवडणूक हे अपवाद केले. ज्या आशेचे आकर्षण सर्वांत मोठे, नेमकी तीच आयोगाने शिल्लक ठेवली, ही गोष्ट प्रस्तुत लेखकास विसंगत वाटते.

अलेक्झांडर यांच्यापूर्वी राज्यपालपद भूषविलेल्या काही व्यक्ती राष्ट्रपती झाल्या होत्या. झाकिर हुसेन, व्ही. व्ही. गिरी आणि शंकरदयाळ शर्मा ही ती नावे होत; पैकी शर्मा १९८६-८७ मध्ये महाराष्ट्राचेच राज्यपाल होते. परंतु तिघेही आधी उपराष्ट्रपती झाले व तेथून वर गेले. राजभवनातून थेट राष्ट्रपतिभवनात जाण्याचा पायंडा २००२ पर्यंत पडलेला नव्हता.

अलेक्झांडर मूळचे केरळचे. भारतीय प्रशासन सेवेत त्यांचे आयुष्य गेले. १९८१ पासून ते पंतप्रधान इंदिरा गांधी यांचे प्रधान सचिव होते. त्यांच्या हत्येनंतर राजीव गांधी यांच्याकडेही काही काळ ते त्याच पदावर राहिले, आणि १९८५ च्या जानेवारीत हेरगिरीच्या प्रकरणात कार्यालयातील कर्मचारी सापडल्यावर त्यांनी पद सोडले. पुढे ते ब्रिटनमध्ये उच्चायुक्त व तामिळनाडूत राज्यपाल झाले. जानेवारी १९९३ मध्ये, मुंबई दंगलींत होरपळत असताना, ते महाराष्ट्रात आले. साडेनऊ वर्षांच्या कारकीर्दीत त्यांनी सुधाकरराव नाईक, शरद पवार, मनोहर जोशी, नारायण राणे व विलासराव देशमुख असे पाच मुख्यमंत्री पाहिले.

ह्या कारकीर्दीतील एका बाजूकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही. ३७१ व्या अनुच्छेदाच्या दुसऱ्या खंडामुळे महाराष्ट्राच्या राज्यपालावर प्रादेशिक विकासाची विशेष जबाबदारी येऊ शकते. तदनुसार १९९४ मध्ये विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र यांसाठी विकास मंडळे अस्तित्वात आली. पुढील वर्षी निर्देशांक व अनुशेष समितीही नेमली गेली. निधिवाटपाच्या वादात राज्यपाल अशा रीतीने प्रत्यक्ष पक्षकारच बनले. खर्डा मराठवाड्याच्या सीमेला लागून, अवर्षणप्रवण टापूत. तरी गणना 'उर्वरित महाराष्ट्रात'. अशा गावांना अनुशेषाच्या हिशेबात न्याय मिळाला काय, हा वाद त्या वाटणीच्या मुळाशीच होता. विशेष हे की, इतक्या नाजूक विषयात हात घालूनही अलेक्झांडर यांच्याविषयी राज्यातील प्रमुख पक्षांत सामान्यतः अनुकूल मत राहिले. त्यांच्या उमेदवारीस भारतीय जनता पक्षाबरोबर शिवसेनेची व शरद पवारांच्या राष्ट्रवादी काँग्रेसचीही अनुकूलता होती. १९९९ च्या निकालाप्रमाणे विधानसभेत ह्या तीन पक्षांचे १८३ सदस्य होते. त्यांच्या मतांचे मूल्य ३२,०२५. बाकीची मते महाराष्ट्राबाहेरून यावयाची होती.

ती आणावयाची कोणी? अटलबिहारी वाजपेयी यांच्या राष्ट्रीय लोकशाही आघाडीकडे स्वबळावर उमेदवार निवडून आणण्याइतकी मते नव्हती. तेलुगू देसम बाहेरून पाठिंबा देत होता. अनेक राज्यांच्या विधानसभा काँग्रेसच्या हाती होत्या. सर्वसंमत उमेदवार हवा होता, आणि इंदिरा गांधींचा एके काळचा विश्वासू अधिकारी काँग्रेसला नाकारता येणार नाही, असा आघाडीच्या धुरीणांचा कयास असावा. तो चुकला. काँग्रेसचा कल विद्यमान राष्ट्रपती के. आर. नारायणन यांच्याकडे होता आणि अलेक्झांडर यांच्या नावास तिने संमती दिली नाही. ख्रिस्ती राष्ट्रपती झाल्यास सोनिया गांधींच्या पंतप्रधानपदाच्या वाटेत अडचण येईल, असा डाव त्यामागे असल्याचे तर्कही तेव्हा लढविले गेले. हेतूंची अशी अनुमाने इतिहासकाराने जपूनच हाताळावीत. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मवृत्तात अलेक्झांडर यांनी आपली बाजू मांडली आहे. ती एका दुखावलेल्या माणसाची साक्ष आहे हे विसरून चालणार नाही. पण म्हणून ती टाकाऊ ठरत नाही.

ह्याच दिवसांत मुंबईत आणखी एक प्रकरण उभे राहिले, आणि आमच्या मते राज्यपाल म्हणून त्यांची खरी परीक्षा तेथेच झाली. जून २००२ च्या आरंभी देशमुख सरकारचे बहुमत डळमळले. विरोधी शिवसेना-भाजप युती सत्तेसाठी उत्सुक होती, आणि त्या युतीतील भाजपच दिल्लीत राष्ट्रपतिपदाचा उमेदवार ठरवीत होता. राज्यपालांच्या एका झुकत्या अहवालाने पारडे फिरू शकले असते. अलेक्झांडर यांनी मुख्यमंत्र्यांस विधानसभेत बहुमत सिद्ध करण्यास सांगितले. बोम्मई खटल्याच्या १९९४ च्या निर्णयाने हाच मार्ग घालून दिला होता. १० जून रोजी आघाडीने डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचे नाव जाहीर केले. १३ जून रोजी देशमुखांनी विश्वासदर्शक ठराव जिंकला. त्या तीन दिवसांच्या अंतरात राज्यपालांची आशा संपली आणि ज्यांच्या पक्षाने त्यांना नाकारले त्यांचे सरकार तरले. काँग्रेसनेही कलामांना पाठिंबा दिला. डाव्या पक्षांच्या कॅप्टन लक्ष्मी सहगल यांच्या १,०७,३६६ मतांविरुद्ध त्यांना ९,२२,८८४ मते मिळाली.

अलेक्झांडर मागे पडले ते राज्यपाल म्हणून काही उणे पडल्यामुळे नव्हे. त्यांच्या उमेदवारीचा निकाल त्यांच्या १९८१ ते १९८५ च्या दिल्लीतील संबंधांवर लागला. मधल्या वर्षांची नोंद कोणत्याच पारड्यात पडली नाही. ह्याचा पडताळा पाच वर्षांनी आला. २००७ मध्ये राजस्थानच्या राज्यपाल प्रतिभाताई पाटील राजभवनातून थेट उमेदवार झाल्या. परंतु त्यांच्यामागे १९६२ पासूनची विधिमंडळातील व संसदेतील कारकीर्द, काँग्रेसची संमती आणि डाव्यांचे साहाय्य होते. शिवसेनेनेही मराठी उमेदवार म्हणून, आघाडीचा कल डावलून, त्यांना मते दिली. भैरोसिंह शेखावत यांच्या ३,३१,३०६ मतांविरुद्ध त्यांना ६,३८,११६ मते पडली. त्यानंतर २०१७ मध्ये बिहारचे राज्यपाल रामनाथ कोविंद व २०२२ मध्ये झारखंडच्या माजी राज्यपाल द्रौपदी मुर्मू राष्ट्रपती झाल्या, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राचे राज्यपाल सी. पी. राधाकृष्णन उपराष्ट्रपतिपदी निवडून आले. ह्या प्रत्येक वेळी सत्ताधारी आघाडीपाशी निवडून आणण्याचे बळ होते; २००२ मध्ये ते नव्हते.

अलेक्झांडर जुलै २००२ मध्ये राजभवन सोडून त्याच महिन्यात महाराष्ट्रातून अपक्ष म्हणून राज्यसभेवर गेले आणि एप्रिल २००८ पर्यंत तेथे राहिले. सबब २००७ च्या राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत मतदारांच्या यादीत त्यांचेही नाव होते, आणि त्यांच्या मताचे मूल्य ७०८ होते.