सळईवरचे जिरे

बारामती-इंदापूर भागात ‘चायनीज’ म्हणजे काय, हे कुणाला समजावून सांगावे लागत नाही. पिंपळीतला शाळकरी पोरगाही मंच्युरियन आणि ट्रिपल शेजवान ओळखतो. आता हे मंच्युरियन काही चीनमधून आलेले नाही. १९७५च्या सुमारास मुंबईत नेल्सन वाँग यांनी ते पहिल्यांदा केले, असे मानतात. खुद्द चीनमध्ये संध्याकाळी दोस्तमंडळी जमतात ती वेगळ्याच खाण्याभोवती. निखाऱ्यावर भाजलेल्या मटणाच्या सळया! खाऊन झाले की रिकाम्या सळया मोजायच्या आणि तेवढे पैसे द्यायचे. तिकडे याला ‘च्वान’ म्हणतात. ते अक्षरही एका उभ्या रेघेत ओवलेल्या दोन तुकड्यांसारखे दिसते.

आम्हांला यात परके काही वाटत नाही. बकरी ईदच्या दुसऱ्या दिवशी आमच्या मोहल्ल्यांतली पोरे विटांची चूल मांडून सायकलच्या तारांवर बोटी भाजतात, ती हीच चीज. मुंबईत ताजमहाल हॉटेलच्या मागच्या गल्लीत १९४६ साली मोहम्मद यासीन यांनी सीख भाजायला सुरुवात केली आणि ते सगळ्या शहराचे ‘बडेमियाँ’ झाले.

कबाब तुर्क-मोगलांनी आणला, असे आमच्यातल्या काहींना अभिमानाने सांगायला आवडते. गंमत म्हणजे आमच्यावर नाराज असणाऱ्यांनाही तेच सांगायला आवडते. पण ‘शाकुंतला’तला विदूषक राजाच्या शिकारीला वैतागून अवेळी शूल्य मांस खावे लागते म्हणून कुरकुरतो. शूल्य म्हणजे सळईवर भाजलेले. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने इ.स. ११३०च्या सुमारास ‘मानसोल्लास’ रचला. महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओव्या गातात, हा उल्लेख ज्या ग्रंथात आहे तोच हा. त्यातही सळईवर भाजलेल्या मांसाची कृती आहे. म्हणजे सळई इथलीच. ‘सीख’ आणि ‘कबाब’ हे शब्द तेवढे बाहेरून आले.

चीनचीही तीच कथा. शांतुंग प्रांतात हान काळातल्या, सुमारे अठराशे वर्षांपूर्वीच्या थडग्यात एक कोरीव शिळा मिळाली. तिच्यावर स्वयंपाकघर आहे आणि पंख्याने वारा घालत सळया भाजणारा माणूस आहे. तरी आज तिथल्या शहरांत जी चव लोकप्रिय आहे, ती शिनजियांगच्या उइघुर मुसलमानांची. ते या खाण्याला ‘कावाप’ म्हणतात. दोन मांसल तुकड्यांमध्ये दुंब्याच्या शेपटीच्या चरबीचा एक तुकडा, वर मीठ, लाल तिखट आणि जिरे. जिऱ्याला त्यांचा शब्द ‘झिरे’. चिनी भाषेने तोच उचलून ‘त्झिरान’ केला. आपले जिरे, फारशीतले झीरा आणि हे त्झिरान एकाच गोतातले. मसाल्याबरोबर शब्दही प्रवासाला निघतात, त्यांना परवाना लागत नाही.

१९८०च्या दशकात बाजार खुला झाला, तसे उइघुर फेरीवाले शेगड्या घेऊन बीजिंग-शांघायला पोचले. १९८६मध्ये चिनी नववर्षाच्या सरकारी दूरदर्शन कार्यक्रमात सळईवाल्यावर एक विनोदी नाटुकले झाले आणि घराघरांत पोचले. अलीकडे, २०२३मध्ये, त्याच शांतुंग प्रांतातल्या त्झिबो शहरात सळया खाण्यासाठी तरुणांनी आगगाड्या भरभरून गर्दी केली.

सळई घरोघर गेली. ती आणणाऱ्यांचे काय झाले? २०१७पासून शिनजियांगमध्ये उइघुरांना मोठ्या संख्येने छावण्यांत डांबले गेले. चीन सरकार त्यांना व्यवसाय-प्रशिक्षण केंद्रे म्हणत राहिले. ३१ ऑगस्ट २०२२ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क कार्यालयाने अहवाल दिला, की तिथे जे घडले ते मानवतेविरुद्धचे गुन्हे ठरू शकते. त्याआधी २०१९मध्ये बीजिंगमधल्या हलाल खाणावळींना पाटीवरची अरबी अक्षरे काढायला लावली होती. कुणी ती खरवडली, कुणी वर चिकटपट्टी लावली. आत शेगडी चालूच होती.