२,४०० गावांतील छत्र्या : 'साईट' प्रयोग आणि नेमाचे गणित

१ ऑगस्ट १९७५. राजस्थान, मध्य प्रदेश, बिहार, ओरिसा, आंध्र प्रदेश आणि कर्नाटक या सहा राज्यांतील सुमारे २,४०० गावांत शाळा, पंचायत अशा सार्वजनिक जागी एक विलक्षण वस्तू उभी होती. तीन मीटर व्यासाची ती छत्री कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तशा जाळीची होती. प्रत्येक गावातील छत्रीचे तोंड पश्चिमेकडे, किंचित दक्षिणेला कललेले होते. त्या दिशेला, पूर्व आफ्रिकेच्या विषुववृत्तावर, सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर 'एटीएस-६' हा अमेरिकी उपग्रह स्थिरावला होता. त्या दिवशी त्याच्यामार्फत गावांत थेट दूरचित्रवाणी पोहोचू लागली. 'सॅटेलाइट इन्स्ट्रक्शनल टेलिव्हिजन एक्स्परिमेंट', अर्थात 'साईट', या प्रयोगाचा तो प्रारंभ होता.

आज गच्चीवर साठ सेंटिमीटरची डिश बसवताना तंत्रज्ञ हातात मीटर घेतो, तबकडी केसभर इकडे, केसभर तिकडे सरकवतो आणि खाली घरात ओरडून विचारतो, ''आलं का?'' मग पन्नास वर्षांपूर्वी, धड रस्ता नसलेल्या आणि काही ठिकाणी वीजही नसलेल्या गावांत, हजारो छत्र्यांचा नेम कसा साधला गेला असेल? याचे उत्तर भौतिकशास्त्रात आहे. त्याचबरोबर ते एका धोरणातही आहे.

भूस्थिर उपग्रहांद्वारे जगभर संदेशवहन शक्य आहे, ही कल्पना आर्थर क्लार्क यांनी १९४५ मध्ये मांडली होती. ती भारतीय खेड्याशी जोडण्याचा ध्यास विक्रम साराभाई यांनी घेतला. शहरांपासून सुरुवात करून दूरचित्रवाणी हळूहळू खेड्यांपर्यंत न्यायची, तर त्यास कित्येक दशके लागली असती. उपग्रहाला मात्र शहर आणि खेडे सारखेच. १८ सप्टेंबर १९६९ रोजी भारताचा अणुऊर्जा विभाग आणि नासा यांच्यात करार झाला. उपग्रह अमेरिकेचा, जमिनीवरील सारी यंत्रणा आणि कार्यक्रम भारताचे. ३० डिसेंबर १९७१ रोजी साराभाईंचे निधन झाले. त्यांचे स्वप्न पुढे अहमदाबादच्या अंतराळ उपयोग केंद्राने साकारले. केंद्राचे संचालक यश पाल होते आणि 'साईट'च्या व्यवस्थापनाची धुरा कोल्हापूरचे एकनाथ चिटणीस यांच्याकडे होती.

कोणत्याही छत्रीचा नेम दोन कोनांनी ठरतो : क्षितिजापासूनची उंची आणि दिशा. एटीएस-६ हा ३५ अंश पूर्व रेखांशावर होता. त्यामुळे ओरिसातील संबलपूरहून तो क्षितिजापासून सुमारे ३० अंश, जयपूरहून ३५ अंश, तर गुलबर्ग्याहून ३९ अंश उंचीवर येई. संबलपूर आणि गुलबर्ग्याहून त्याची दिशा पश्चिमेच्या सुमारे १८ अंश दक्षिणेस, तर जयपूरहून सुमारे २८ अंश दक्षिणेस होती. राज्य बदलले की कोन असे बदलत. परंतु एकाच जिल्ह्याच्या दोन टोकांमध्ये हा फरक साधारण एक-दोन अंशांचाच राही.

एवढा फरक चालण्यासारखा होता काय? याचे उत्तर तरंगलांबीत आहे. 'साईट'चे प्रक्षेपण ८६० मेगाहर्ट्झ वारंवारितेवर होते. म्हणजे तरंगलांबी सुमारे ३५ सेंटिमीटर. एखाद्या छत्रीची 'नजर' किती रुंद, हे तरंगलांबी आणि छत्रीचा व्यास यांच्या गुणोत्तरावर अवलंबून असते. तीन मीटरच्या छत्रीसाठी ती सुमारे आठ अंश येते. मनगटाची घडी न मोडता हात लांब धरला, तर मुठीची रुंदी आकाशाचे साधारण दहा अंश झाकते. त्याहून थोडी अरुंद अशी ही नजर. नेम दोन अंशांनी चुकला, तरी या छत्रीचा जेमतेम सहावा हिस्सा सिग्नल वाया जाई. आजच्या साठ सेंटिमीटरच्या डिशची गोष्ट निराळी. तिची तरंगलांबी अडीच सेंटिमीटरांच्या आसपास आणि नजर तीन अंशांच्या आतबाहेर. तेथे दोन अंशांच्या चुकीने दोन-तृतीयांशाहून अधिक सिग्नल हातचा जातो. गच्चीवरील तंत्रज्ञाची सारी धडपड याच आकड्यात दडलेली आहे.

खुराड्याच्या जाळीचे रहस्यही तेच. परावर्तकाची छिद्रे तरंगलांबीच्या तुलनेत बरीच लहान असली, की लहरींच्या दृष्टीने तो अखंड पत्राच ठरतो. ३५ सेंटिमीटरांच्या लहरींना सेंटिमीटर-दोन सेंटिमीटरांची भोके जवळपास जाणवतच नाहीत. शिवाय जाळी स्वस्त, हलकी, वाऱ्याला वाट देणारी आणि गावच्या कारागिराला परिचयाची. तिचा आकार एखाद-दोन सेंटिमीटर इकडेतिकडे झाला, तरी काम अडत नसे.

तथापि, ही सारी सवलत फुकट मिळालेली नव्हती. तिची किंमत आकाशात मोजली गेली होती. तोवरच्या उपग्रहांचा क्षीण सिग्नल टिपण्यासाठी जमिनीवर प्रचंड अँटेना उभारावे लागत. एटीएस-६ मध्ये हा हिशेब उलटा करण्यात आला. त्याच्या डोक्यावर ९.१ मीटर व्यासाची छत्री होती. तांब्याचा मुलामा दिलेल्या डेक्रॉनच्या जाळीची, ४८ काड्यांची ही छत्री मिटून अवकाशात नेण्यात आली आणि तेथे उघडण्यात आली. म्हणजे वरही जाळी आणि खालीही जाळीच! मात्र वरच्या छत्रीचा झोत तीन अंशांहूनही अरुंद होता. तो भारतावर स्थिर ठेवणे हे खरे कठीण काम. ३६,००० किलोमीटरवरून एक-दशांश अंशाची चूक म्हणजे जमिनीवर साठेक किलोमीटरांचा फरक! हे काम उपग्रहाची नियंत्रण-यंत्रणा रात्रंदिवस करीत होती. काटेकोरपणा एकाच ठिकाणी, तज्ज्ञांच्या हाती ठेवायचा आणि ढिलाई २,४०० ठिकाणी वाटायची, हे 'साईट'च्या रचनेचे सूत्र होते.

सकाळी मुलांसाठी आणि संध्याकाळी मोठ्यांसाठी असे मिळून रोज चार तास कार्यक्रम चालत. शेती, आरोग्य, कुटुंबनियोजन, विज्ञान हे त्यांचे विषय. हिंदी, तेलुगू, कन्नड आणि ओडिया या त्यांच्या भाषा. एका चित्रासोबत दोन ध्वनिवाहिन्या पाठवण्याची सोय असल्याने एकच दृश्य दोन भाषांत ऐकवता येई.

आणि मग ३१ जुलै १९७६ उजाडला. करार एका वर्षाचा होता. मुदत संपताच एटीएस-६ अमेरिकेच्या बाजूला परत नेण्यात आला. काही गावांसाठी पुढे जमिनीवरील प्रक्षेपकांची सोय झाली. पण बाकीच्या गावांत दूरचित्रवाणीचा पडदा कोरा झाला. छत्रीची जाळी शाबूत होती, कोनही तोच होता, संचही चालू स्थितीत होते. नेम अचूक होता. ज्यावर तो धरायचा, तेच आकाशातून नाहीसे झाले होते.

हा धडा महत्त्वाचा ठरला. १९८१ मध्ये भारताचा प्रायोगिक 'ॲपल' उपग्रह भूस्थिर कक्षेत पोहोचला. एप्रिल १९८२ मध्ये सोडलेला 'इन्सॅट-१ए' काही महिन्यांतच निकामी झाला. ३० ऑगस्ट १९८३ रोजी सोडलेला 'इन्सॅट-१बी' मात्र यशस्वी ठरला. तोही बांधला अमेरिकेत आणि सोडला अमेरिकी अवकाशयानातून. परंतु त्याची मालकी भारताची होती आणि त्याचा मुक्कामही, ७४ अंश पूर्व रेखांशावर, भारताच्याच माथ्याच्या दिशेने होता. त्याच्याकडे पाहणाऱ्या संबलपूरच्या छत्रीला मान ३० अंशांऐवजी सुमारे ६२ अंश वर करावी लागणार होती.

आज 'डीडी फ्री डिश'चे प्रक्षेपण 'जीसॅट-१५' या इस्रोने बांधलेल्या उपग्रहावरून होते. तो ९३.५ अंश पूर्वेला असल्याने महाराष्ट्रातील डिश आग्नेयेकडे पाहतात. आकाश मोकळे असेल, कोन जुळला असेल, तर चित्र येते, आणि घरातून उत्तर मिळते, ''आलं!'' या एका शब्दासाठी तंत्रज्ञाला पाच-दहा मिनिटे खपावे लागते. समोर हक्काचा उपग्रह असावा, यासाठी मात्र या देशाला कितीतरी वर्षे खपावे लागले. १ ऑगस्ट १९७६ च्या संध्याकाळी पश्चिमेकडे तोंड करून उभ्या राहिलेल्या त्या जाळीच्या छत्र्यांना त्या दोन्ही कामांतला फरक सर्वांत आधी कळला होता.