घरच्या घरी दर्स, तिलावत आणि आठवणी स्वच्छ आवाजात कशा रेकॉर्ड कराव्यात?

ओझर (जि. नाशिक) : जवळून मुंबई-आग्रा महामार्ग, शेजारी एचएएलचा विमान कारखाना आणि धावपट्टी, भोवती द्राक्षबागा. अशा गावात घरी आवाज रेकॉर्ड करणं सोपं नाही. तरीही मराठीतला दर्स, मुलांची तिलावत, बुजुर्गांच्या आठवणी आपण मोबाइलवर जपतोच. ऐकताना शब्दच कळले नाहीत, तर मेहनत वाया जाते.

तिलावतीत तर अक्षर बदललं की अर्थ बदलतो. मोठ्या क़ाफने ‘क़ल्ब’ म्हणजे हृदय, छोट्या काफने ‘कल्ब’ म्हणजे कुत्रा. घुमणाऱ्या खोलीत हा फरक पुसट होतो. मग मूल चुकलं की रेकॉर्डिंग खराब, हे उस्तादांना ओळखता येत नाही. 1961 मध्ये इजिप्तचे कारी शेख महमूद खलील अल-हुसरी यांच्या आवाजात संपूर्ण कुरआनचं रेकॉर्डिंग आलं, तेही अचूक उच्चार जपण्याच्या हेतूनेच.

आधी खोली, मग माइक
महागडा माइक घेण्याआधी खोली बघा. मधोमध उभं राहून एक टाळी वाजवा. ती घुमली तर आवाजही घुमणार. फरशी, उघड्या भिंती आणि पत्रा आवाज परत फेकतात. गोधडी, गादी, जाड पडदा आणि कपड्यांनी भरलेलं कपाट तो शोषून घेतात. खाली सतरंजी अंथरा, समोर आणि पाठीमागे गोधड्या टांगा.

वेळ
दिवसा विमानं आणि ट्रक, हंगामात बागेतले ब्लोअर. म्हणून इशानंतर किंवा फजरच्या आसपास बसा. पंखा, कूलर बंद ठेवा. फ्रिजपासून लांबची खोली निवडा. मोबाइल फ्लाइट मोडवर टाका.

अंतर
बहुतेक मोबाइलचा मुख्य माइक खाली, चार्जिंगच्या भोकाजवळ असतो. तोंडापासून तो साधारण एक वीत, म्हणजे 15 ते 20 सेंटिमीटरवर, किंचित बाजूला ठेवा. अगदी समोर धरला तर ‘प’, ‘फ’, ‘भ’ म्हणताना श्वासाचा फटका बसतो. मोबाइल हातात न धरता घडी केलेल्या टॉवेलवर ठेवा.

सेटिंग
ॲपमध्ये सोय असेल तर वेव्ह फाइल, मोनो, 48 किलोहर्ट्झ निवडा. 16 बिटमध्ये एका मिनिटाला साधारण पावणेसहा एमबी जागा लागते. आवाजाची पट्टी मोठ्यात मोठ्या शब्दाला उणे 12 ते उणे 6 डेसिबलच्या दरम्यान असावी. शून्याला भिडली की आवाज फाटतो, आणि फाटलेला आवाज नंतर नीट होत नाही.

नंतर
सुरुवातीला दहा सेकंद गप्प बसा. त्या शांततेच्या नमुन्यावरून ऑडॅसिटीसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये मागची घरघर कमी करता येते. पण बेतानेच करा. जास्त साफ केलं तर आवाज डब्यातून आल्यासारखा वाटतो. व्हॉट्सॲपवर व्हॉइस मेसेज न करता मूळ फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. फाइल फार दाबली की बारीक आवाज आधी जातात. ‘से’, ‘सीन’, ‘स्वाद’ यांचा फरक ऐकायला ते लागतात.

बुजुर्गांची मुलाखत
आधी इजाजत घ्या, रेकॉर्डिंग कुणाला ऐकवणार तेही सांगा. एक मिनिट बोलून, ऐकून बघा, मगच सुरुवात करा. दादीजान एकदा भरभरून बोलल्या की तेच पुन्हा तसं सांगता येत नाही. मधे विमान गेलं तर हळूच थांबवा आणि शेवटचं वाक्य परत म्हणायला सांगा. फाइलच्या नावात तारीख लिहा आणि एक प्रत पेनड्राइव्हवर ठेवा. मोबाइल बदलतात, फुटतात. हे आवाज पुढच्या पिढीपर्यंत जायला हवेत, इन्शाअल्लाह.