बापाची जागा : लुई आर्मस्ट्राँग आणि त्याला घडवणारी माणसे

१/ ३१ डिसेंबर १९१२ ची रात्र. अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स शहरात नववर्षाच्या स्वागतासाठी रस्ते माणसांनी फुलले होते. अकरा वर्षांच्या एका कृष्णवर्णीय मुलाने घरातून आणलेले पिस्तूल हवेत झाडले आणि पोलिसांनी त्याला तिथेच पकडले. मुलाचे नाव लुई आर्मस्ट्राँग. जॅझ संगीतातील युगप्रवर्तक वादक म्हणून पुढे जगाने ज्याला डोक्यावर घेतले, तोच हा. या प्रवासात त्याचा हात कोणी धरला, त्याची ही कथा.

२/ लुई स्वतःची जन्मतारीख ४ जुलै १९०० सांगत असे. त्याच्या मृत्यूनंतर चर्चमधील बाप्तिस्म्याची नोंद सापडली आणि खरी तारीख ४ ऑगस्ट १९०१ असल्याचे स्पष्ट झाले. तो तान्हा असतानाच वडील विल्यम यांनी घर सोडले. आधी आजी जोसेफीनने आणि नंतर आई मेॲनने त्याला वाढवले. त्यांची वस्ती मारामाऱ्यांसाठी इतकी कुप्रसिद्ध होती की लोक तिला ‘रणांगण’ म्हणत.

३/ घराबाहेरची परिस्थितीही प्रतिकूल होती. लुईझियाना राज्यातील रेल्वेत गोऱ्यांसाठी आणि कृष्णवर्णीयांसाठी वेगळे डबे ठेवण्याचा कायदा होता. न्यू ऑर्लिन्सच्या होमर प्लेसी यांनी त्याला आव्हान दिले, पण १८९६ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने वंशभेदावर शिक्कामोर्तब केले. अशा शहरात कृष्णवर्णीय मुलाची चूक पोरखेळ म्हणून क्वचितच माफ होई.

४/ पहिला आधार अनपेक्षित ठिकाणी मिळाला. लिथुआनियाहून आलेल्या कार्नोफ्स्की या ज्यू कुटुंबाचा भंगार व कोळसा विकण्याचा धंदा होता. लुई त्यांच्या गाडीवर काम करी आणि रात्री त्यांच्याच घरी जेवे. पहिले कॉर्नेट, म्हणजे ट्रम्पेटच्या जातीचे छोटे पितळी वाद्य, विकत घेण्यासाठी त्यांनीच उचल दिली, अशी आठवण त्याने १९६९ मध्ये रुग्णालयात असताना लिहून ठेवली.

५/ पिस्तूल प्रकरणानंतर न्यायालयाने त्याला ‘कलर्ड वेफ्स होम’ या सुधारगृहात पाठवले. कॅप्टन जोसेफ जोन्स हे कृष्णवर्णीय माजी सैनिक आणि त्यांच्या पत्नी ते चालवत. शिस्त लष्करी होती. तिथे पीटर डेव्हिस नावाचे संगीतशिक्षक मुलांचा बँड चालवत.

६/ डेव्हिस यांना आरंभी लुईविषयी मुळीच विश्वास नव्हता. ‘रणांगणा’तून आलेला मुलगा सुधारेल कसा, असे त्यांना वाटे. मात्र त्यांनी त्याच्यावर नजर ठेवली. आधी त्याच्या हाती डफ दिला, मग इतर वाद्ये, शेवटी कॉर्नेट. वाद्यागणिक जबाबदारीही वाढत गेली आणि अखेर लुई बँडचा नायक झाला.

७/ एके दिवशी हा बँड त्याच्या जुन्या वस्तीतून निघाला. आपला पोरगा अग्रभागी वाजवत चाललेला पाहून लोकांनी नाण्यांचा वर्षाव केला. टोप्याच्या टोप्या भरल्या, असे त्याने १९५४ च्या आत्मचरित्रात सांगितले आहे.

८/ जून १९१४ मध्ये सुटका झाली, ती वडिलांच्या ताब्यात. ज्या बापाची इतकी वर्षे उणीव होती, तो अखेर भेटला होता. परंतु त्या घरी लुईच्या वाट्याला आले ते सावत्र भावांना सांभाळणे आणि स्वयंपाक करणे. थोड्याच काळात तो आईकडे परतला.

९/ त्यानंतर आले जो ऑलिव्हर, शहरातील नामांकित कॉर्नेटवादक. लुई त्यांच्या पत्नीची किरकोळ कामे करी आणि मोबदल्यात ऑलिव्हर त्याला शिकवत. आपले एक जुने कॉर्नेटही त्यांनी त्याला दिले. लुई त्यांना ‘पापा जो’ म्हणे. ऑलिव्हर शिकागोला गेले, तेव्हा किड ओरीच्या वाद्यवृंदातील त्यांची जागा लुईला मिळाली.

१०/ ऑगस्ट १९२२ मध्ये ऑलिव्हर यांचे शिकागोहून बोलावणे आले आणि लुई निघाला. १९२३ मध्ये गुरुशिष्यांचे वादन प्रथमच ध्वनिमुद्रित झाले.

११/ मात्र गुरूच्या सावलीलाही मर्यादा असते. लुई जवळ असेपर्यंत तो आपल्यापुढे जाणार नाही, असे ऑलिव्हर बोलून गेल्याची आठवण पियानोवादक लिल हार्डिन सांगत. लिलशी विवाह झाल्यावर तिच्याच आग्रहाने लुईने १९२४ मध्ये ऑलिव्हर यांचा वाद्यवृंद सोडला. तरीही ‘पापा जो’ हे नाव त्याच्या ओठांवर कायम राहिले.

१२/ १९३१ मध्ये कीर्तिमान होऊन न्यू ऑर्लिन्सला परतलेला लुई सुधारगृहात जाऊन जोन्स आणि डेव्हिस यांना भेटला. ऑलिव्हर यांच्या नशिबी मात्र उतरती कळा आली. हिरड्यांच्या विकाराने वादन थांबले, वाद्यवृंद मोडला. १९३७ मध्ये जॉर्जियातील सव्हाना येथे लुईला ते रस्त्याकडेला भाजी विकताना दिसले. त्याने खिशातील पैसे त्यांच्या हाती ठेवले. पुढच्याच वर्षी, एप्रिल १९३८ मध्ये, ऑलिव्हर निवर्तले.

१३/ लुईच्या बापाची जागा कोणा एकाने भरून काढली नाही. एका घराने उचल आणि जेवण दिले, सुधारगृहाने शिस्त, डेव्हिस यांनी जबाबदारी, ऑलिव्हर यांनी विद्या. या सर्वांआधी आणि सर्वांसोबत त्याची आई होतीच. त्या बँडमध्ये त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या इतर मुलांपैकी बहुतेकांची नावे आज कोणाला ठाऊक नाहीत. सुटकेनंतर त्यांच्यापैकी किती जणांना एखादा ‘पापा जो’ भेटला असेल?